आत्याबाईंचा पितळी पेला

शाळेत मधली सुट्टी चालू होती आणि बीडच्या दवाखान्यातून नवऱ्याचा फोन आला. "आई गेली," एवढंच बोलला... हातातला भाकरीचा तुकडा मी तसाच डब्यात ठेवला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुखण्याला भीत नव्हत्या. दुखणंच त्यांना भ्यायचं, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो.

दिंद्रुडात कुणाचं पोट दुखलं की माणूस आधी आमच्या ओट्यावर यायचं. पार तेलगावहून बाया यायच्या. आत्याबाई बेंबीवर पेटती वात ठेवून वर पितळी पेला पालथा घालायच्या. वात विझली की पेला पोटाला गच्च धरायचा. मग तो अलगद ओढून काढत त्या सांगायच्या, सरकलेली बेंबी बसली. माणूस हसत घरी जायचं. मी विज्ञान शिकवणारी सून, पण त्या हातापुढं बोलायची माझी टाप नव्हती.

उन्हाळ्यात त्यांनाच कावीळ झाली. पित्ताच्या नळीत मोठा खडा निघाला. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून नळीचं तोंड मोठं केलं आणि खडा आतड्यात सोडला. तो आपोआप पडून जाईल म्हणाले. मात्र पोट फुगलं, उलट्या झाल्या तर तडक या, असंही बजावलं.

घरी आल्यावर दोन्ही झालं. मी गाडी बोलावते म्हटलं, तर त्यांनी पेला मागितला.

"दवाखान्याच्या खाटंवर बेंबी सरकली हाय. लई काय न्हाई, पोरी."

वात विझली, पण तणाणलेल्या पोटावरून पेला घसरून पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली.

"धरंना कावून?" त्या मलाच विचारत होत्या...

तरी गाडीचं नाव काढू देईनात. दिवस मावळताना नवरा शेतातून आला आणि त्यानं त्यांना उचलूनच नेलं. खडा लहान आतड्यात अडकला होता, आतडं काळं पडलं होतं. असं फार क्वचित होतं, म्हणाले डॉक्टर. ऑपरेशननंतर त्या सावरल्याच नाहीत.

पेला अजून कोनाड्यात आहे. नवरा म्हणतो, मोडीत घाल. बाया अजूनही येतात. मी दवाखान्यात जा म्हटलं की रुसतात. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मी उताणी झाले, वात पेटवली, पेला पालथा घातला. त्यानं लगेच धरलं... थेट आत्याबाई लावायच्या तसं. मला रडू कोसळलं. हुंदक्यांनी पोट हलत होतं, आणि पेला काही केल्या सुटत नव्हता.