सवतीचं निंदण

पुष्पलताला हसायला कारण लागत नसे आणि रडायला तिच्याकडे वेळ नसे. तिचं माहेर नदीपलीकडे, भंडाऱ्याकडे. राज्यांची वाटणी झाली तेव्हा माहेर एका बाजूला गेलं आणि पुढे चार-पाच वर्षांत ती स्वतः दुसऱ्या बाजूला आली, वारासिवनीकडच्या खैरलांजीजवळच्या एका गावात, भैयालालची दुसरी बायको म्हणून. भैयालाल जंगलातली लाकडं फोडून वारासिवनीच्या बाजारात जळतण विकायचा. माणूस कष्टाळू, पण तोंडाला कुलूप. घरधन्यापेक्षा त्याची कुऱ्हाड जास्त बोलते, असं पुष्पलता शेजारणींना सांगायची.

लग्नाच्या दिवशीच सासू रुख्माबाईनं काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक तिच्या गळ्यात बांधला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची आकृती. ही अनुसया, भैयालालची पहिली. दिवस भरत आले असताना ती घरामागच्या बाडीत निंदायला बसली, गवतात हात घातला आणि परड चावली. परड म्हणजे घोणस; तिच्यापुढे वैदू काय आणि डॉक्टर काय, दोघेही सारखेच हतबल. अशी पोटुशी बाई गेली की तिची चुडैल होते आणि ती दुसऱ्यांची लेकरं न्यायला येते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून घरात नवं काही आलं की आधी टाकाला लावायचं. पहिला मान सवतीचा. पुष्पलता हे सारं हसतमुखानं करायची. नवं लुगडं टाकापुढे धरून विचारायची, "पाह्य व बाई, रंग आवडला काय?"

मग शीला झाली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर रांगायला लागली. अंगण आणि बाडी यांच्यामध्ये कुंपण नव्हतं. बाडीच्या कोपऱ्यात, सीताफळाखाली, जिथं अनुसयाला चावलं होतं, तिथं तेव्हापासून कोणी खुरपं लावलं नव्हतं. तरोटा, केना, हरळी, सगळे तिथं सुखानं नांदत होते आणि आता अंगणाकडे सरकत होते. पुष्पलताचा एक डोळा चुलीवर, एक डोळा पोरीवर. अखेर तिनं बाजारातून नवं खुरपं आणलं आणि त्याच दिवशी कोपऱ्यात बसून चार मुठी गवत उपटलं. टाकाला खुरपं लावायचं राहिलं. ते तिच्या मनातच आलं नाही. लुगड्याचा मान असतो, खुरप्याचा कसला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाडीत गेली आणि जागीच थबकली. कोपऱ्यापासून दोन हात रुंदीचा पट्टा साफ निंदलेला होता. मिरचीच्या एका रोपाला धक्का नव्हता. उपटलेल्या गवताचे छोटे ढीग लावलेले होते, मुळं वर करून. पुष्पलता तर गवत बाडीबाहेर भिरकावणारी. सासूला गुडघ्यांमुळे उकिडवं बसताही येत नव्हतं. तिनं नवऱ्याला हाक मारली. भैयालालनं ढीग पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"अनुसया असेच ढीग लावे," तो म्हणाला. "मुळाले ऊन लागलं की गवत मरते, म्हणे."

एवढं बोलून तो पेज न पिताच जंगलात निघून गेला.

त्यानंतर तो पट्टा रोज थोडा पुढे यायचा. माती ओली, तरी पाऊल उमटलेलं नसायचं. पुष्पलता संध्याकाळी खुरपं धुऊन घरात कुडाला खोचून ठेवायची, आणि सकाळी त्याला चिखल लागलेला असायचा. पट्टा इकडेतिकडे वळत नव्हता, सरळ दाराकडे येत होता. आणि दारात शीला खेळायची. पुष्पलताचं हसू पार आटलं. पोरीला ती कडेवरून खाली ठेवीना.

"नवं खुरपं टाकाले लावलं होतं काय व?" रुख्माबाईनं एकदा विचारलं.

"नाही ना, मामी."

"मंग झालं! तिचा मान चुकला. आता पोरीसाठी येऊन राह्यली ती." सासूनं आवाज खाली आणला. "मोठी कुऱ्हाड उंबऱ्यावर आडवी टाक. लोखंड ओलांडता येत नाही तिले."

मोठी कुऱ्हाड म्हणजे ओंडके फोडायची, धावड्याच्या दांड्याची. भैयालालनं ती मुकाट्यानं आणून उंबऱ्यावर ठेवली आणि स्वतः टंगिया, ती लहान कुऱ्हाड, घेऊन कामाला जाऊ लागला. उपाय लागू पडला. पट्टा अंगणाच्या कडेशी थांबला. खुरपं सकाळी कोरडं राहू लागलं. रुख्माबाईनं गावभर आपली हुशारी मिरवली आणि पुष्पलताला पुन्हा झोप लागू लागली.

पण श्रावण काही कोणासाठी थांबत नाही. खुरप्याला हात लावायची तिची छाती होईना, आणि दुसरं तर आता कोणी निंदत नव्हतं. बघता बघता पट्टा बुजला. तरोटा गुडघ्यावर आला, केना अंगणात पसरला आणि थेट उंबऱ्याला येऊन भिडला.

एका दुपारी पुष्पलता तांदूळ पाखडत होती. शीला कुऱ्हाडीचा दांडा ओलांडून बाहेर गेली, हे तिला दिसलं तेव्हा पोरीचा हात गवतात पोचला होता. गवत हललं. लोहाराच्या भात्यासारखा फुत्कार आला. पुष्पलतानं एका हातानं पोरीला मागं ओढलं, दुसऱ्या हातानं कुऱ्हाड उचलली. पहिला घाव मातीत गेला. दुसरा लागला. परड होती, मनगटाएवढी जाड.

ती पोरीला उराशी धरून मटकन खाली बसली. पोरीचे हात, पाय, बोटं चाचपत राहिली. कुठं ओरखडाही नव्हता.

"पाह्यलं!" रुख्माबाई ओरडली. "दारात लोखंड होतं म्हणून वाचली पोरगी!"

पुष्पलतानं गवताकडे पाहिलं. पट्टा कुठून निघाला होता, कुठवर आला होता आणि तो कोणी अडवला, हे तिला आता लख्ख दिसत होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की सासूकडे बघवेना.

"दारात लोखंड टाकलं म्हणूनच गवत दारात आलं, मामी," ती म्हणाली.

तिनं कुऱ्हाड उचलून लाकडांच्या ढिगाकडे नेऊन ठेवली. सासू अडवत होती, शिव्या देत होती. तिनं ऐकलं नाही. खुरपं घासूनपुसून टाकाला लावलं आणि उंबऱ्यावर ठेवलं, मूठ बाहेरच्या बाजूला करून.

"चुकलं व माहं, बाई," ती म्हणाली. "हे तुहं. अगोदर तू."

सकाळी उजाडलं तेव्हा अंगण सारवल्यासारखं साफ होतं, पार उंबऱ्यापर्यंत. गवताचे ढीग कडेला लावलेले होते, मुळं वर करून. रुख्माबाई ते पाहून आत पळाली आणि देवापुढे जाऊन बसली.

पुष्पलतानं शीलाला अंगणाच्या मधोमध सोडलं आणि ती चुलीशी येऊन बसली, दाराकडे पाठ करून. थोड्या वेळानं बाहेरून पोरीचं हसू ऐकू आलं. कोणी तोंड लपवून पुन्हा दाखवलं की लेकरं हसतात तसं, थांबून थांबून, खिदळत.

पुष्पलतानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं चुलीत एक काटकी सारली आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "बाई, पोरीले पाह्यजो. माह्या भाताले उकळी येऊन राह्यली."