मिर्तोच्या थडग्यावरचा पुदिना

फिलिन्नाला सवत होती, पण ती मेलेली. जिवंत असती तर भांडता तरी आलं असतं, असं ती स्वतःच म्हणायची.

तिचा नवरा सीमोस मधमाश्या पाळायचा. आमच्या घरांमागे डोंगर चढायला लागतो, तिथे उतारावर त्याची मातीची पोळ्याची मडकी आडवी रचलेली असायची, आणि त्यांच्या शेजारीच मिर्तोचं थडगं. मिर्तो ही त्याची पहिली बायको. पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. थडग्यावर आपोआप पुदिना माजला. माश्या दिवसभर त्याच्यावर. सीमोस गिऱ्हाइकाला सांगायचा, "हा मिर्तोच्या अंगणातला मध आहे. असा वास दुसऱ्या कुठल्या मधाला येणार नाही."

फिलिन्ना घरात आली तेव्हा वयाने मोठी होती, बापाच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलेली. कामाला वाघीण. मडकी लिंपायची ती, धूर द्यायची ती, डंख खायची ती. उन्हाळा सरताना पोळी काढली की सगळ्यात पहिलं पोळं सीमोस थडग्यावर नेऊन पिळायचा. दुसरं घरात यायचं. मेलेल्यांना मध द्यायचाच असतो, आम्हीही देतो, पण डाव्या हाताने चमचाभर. हा अख्खं पहिलं पोळं द्यायचा, आणि परत यायचा तेव्हा त्याचा चेहरा असा निवलेला असायचा, की फिलिन्नाला ते पाहवायचं नाही.

"बघ त्याच्याकडे," ती मला म्हणायची. मी शेजारची, वयाने बरीच लहान. "माझ्या हातचं जेवून कधी असा दिसलाय?"

"मावशी, ती बिचारी मातीत आहे."

"मातीत आहे म्हणूनच तर म्हातारी होत नाही मेली! माझे दात पडायला लागले, आणि ती अजून वीस वर्षांची."

आमच्या डोंगराचं नाव मिंथे. मिंथे ही पाताळातल्या कोकितोस नदीची आसरा. पाताळाच्या धन्याची आधीची लाडकी. धन्याने देमेतर आईच्या लेकीला, पर्सेफोनीला, राणी करून नेलं, तेव्हा ही नदीकाठी बसून म्हणाली, की रूपात ती माझ्यापुढे काय आहे, चार दिवसांत धनी तिला काढेल आणि मलाच पुन्हा घरात घेईल. ते देमेतर आईच्या कानावर गेलं आणि तिने मिंथेला पायाखाली तुडवून मारलं. तिथून ती झाड होऊन उगवली, तोच हा पुदिना. म्हणून पेरणीआधी देमेतर आईच्या राईत आम्ही बायका अनवाणी पायांनी पुदिना तुडवतो. जिला जिचा हेवा वाटतो तिने तिचं नाव मनात घ्यायचं. देवी आपल्या पोटातली जळजळ पायांवाटे काढून घेते, हा माझाही अनुभव आहे. अट एकच, नाव जिवंत बाईचं हवं. मेलेली बाई राणीच्या पदराखाली असते, तिच्यावर पाय उचलायचा नाही.

त्या वर्षी राईत फिलिन्ना नुसतीच कडेला उभी राहिली.

"हिला कशाला तुडवायला लागतंय!" आमच्यातली निकिप्पे हसली. तिच्या जिभेला हाड नाही. "हिचा नवरा माश्यांशिवाय कुणाकडे बघत नाही. आणि बघितलंच तर ती मातीखालची!"

सगळ्या हसल्या. फिलिन्नाने पायांत वहाणा घातल्या आणि चालू लागली. मला वाटलं, घरी गेली.

मी परतले तेव्हा ती डोंगराच्या वाटेने खाली येत होती. वहाणा हातात, पाय घोट्यापर्यंत हिरवे. दारातल्या रांजणाशी येऊन म्हणाली, "पाणी घाल गं पायांवर."

"मावशी! थडग्यावर?"

"घाल म्हणते ना."

मी घातलं. नखांत, भेगांत, लुगड्याच्या काठाला पुदिन्याचे तुकडे अडकलेले. खळखळून धुतले तरी वास जाईना. "काय बाई आहे," ती पाय घासत म्हणाली, "मारली तर जास्तच दरवळते."

संध्याकाळी सीमोस माझ्या दारात आला. "तुझ्या शेळ्यांना आवर जरा. मिर्तोचं थडगं तुडवून ठेवलंय." मागे फिलिन्ना चूल फुंकत होती, अगदी मान खाली घालून. मी म्हटलं, बांधून ठेवीन. काय करणार?

मग त्याने थडग्याभोवती कुंपण घातलं. कुंपणाच्या नावाखाली दिवसचे दिवस तिथेच. फिलिन्नाने स्वतःच्या पायांनी त्याला तिकडे धाडला म्हणायचा. ती हिवाळाभर धुमसत राहिली.

वसंतात पाहावं तर पुदिना दुप्पट. पुदिन्याची तुटलेली काडीही ओल मिळाली की मूळ धरते, हे त्या रागात तिला आठवलं नसावं. कुंपणाबाहेर पसरला. आणि तिच्या रांजणाखाली, जिथे पाणी सांडतं तिथेही कोवळी पानं वर आली. ती रोज उपटायची, ती पुन्हा यायची.

एके सकाळी मी पाणी मागायला गेले तर सीमोस रांजणाशी उकिडवा बसलेला. एक पान चुरगळून त्याने नाकाशी धरलं.

"शेळ्या इथे पाय धुतात वाटतं?" तो म्हणाला.

फिलिन्नाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "हो," ती म्हणाली. "मीच. काय करायचं ते करा."

"मेलेल्या बाईवर पाय देतेस? तिला दोन थेंब मध जातो तो खुपतो तुला?"

"दोन थेंब नाही. पहिलं पोळं!" तिचा आवाज चिरकला. "डंख मी खाते, अहो. हात माझे सुजतात. आणि पहिलं कुणाला, तर जिने एक मडकं लिंपलं नाही तिला. मला एकदा तरी पहिली म्हटलंत?"

सीमोसने चुरगळलेलं पान खाली टाकलं. "मग सांगायचं ना."

"काय सांगायचं? मेलेलीचा हेवा वाटतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

तो उठून डोंगरावर गेला. मला वाटलं, आता हिला माहेरी धाडणार.

उन्हाळा सरला. पहिलं पोळं काढलं तेव्हा मी तिथेच धूर देत होते. सीमोसने ते पानात घेतलं, थडग्याकडे वळला, थांबला, आणि फिलिन्नाच्या हातात दिलं. "तुझं आहे. खा, नाहीतर काहीही कर." आणि पाठ फिरवून दुसऱ्या मडक्याशी गेला.

फिलिन्ना पानाकडे बघत राहिली. खाली मध गळायला लागला. मग तिने मला खुणेनं बोलावलं आणि कुंपणाचं दार काढलं. थडग्याशी बसली. पिळायला हात उचलला, आणि तसाच थांबवला. आधी स्वतःचं बोट मधात बुडवलं, सावकाश, शेवटपर्यंत चाटलं.

"पहिलं माझं," ती मातीला म्हणाली. "आता तू घे."