लीड्सचा फोन

लंडनजवळच्या ब्रॅकनेल गावातल्या एका ऑफिसात मला काम शिकायला पाठवलं होतं, आणि शिकून झालं की ते काम पुण्याला न्यायचं होतं. एका इंग्लिश कंपनीचं पर्चेस लेजर आमच्या पुण्याच्या कंपनीने चालवायला घेतलं होतं. पर्चेस लेजर म्हणजे माल पुरवणाऱ्यांची बिलं नोंदवायची आणि वेळेवर त्यांचे पैसे द्यायचे. ते काम तिथे चार बायका करत होत्या. काम गेलं की त्यांच्या नोकऱ्याही जाणार होत्या. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं, आणि तरी मी रोज सकाळी त्या खोलीत जाऊन ‘मॉर्निंग’ म्हणायची.

त्या माझ्याशी वाईट वागल्या असं मुळीच नाही. चहा करायला उठलेली प्रत्येक जण मलाही विचारायची. फक्त मी किचनमध्ये शिरले की चाललेलं बोलणं थांबायचं आणि हवामानावर यायचं. ब्रॅकनेलच्या हवामानाबद्दल इतकं ऐकलेलं माणूस पुण्यात दुसरं नसेल.

चौघींपैकी एक, त्यांची सुपरवायझर, साठीला आलेली होती. केस बारीक कापलेले, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. मला शेजारी खुर्ची देऊन ती सगळं दाखवायची, काही हातचं राखायची नाही. एवढंच, की हसायची नाही. पुण्यात आम्ही व्हेंडर म्हणायचो त्याला तिथे सप्लायर म्हणत. माझं पहिलं काम होतं सॉफ्टवेअरमधली ही सप्लायर मंडळी साफसूफ करण्याचं. वर्षानुवर्षं जो तो आपल्या मनाने नाव टाकत आलेला. एकच कंपनी कुठे ‘लिमिटेड’ लावून, कुठे टिंब देऊन, कुठे पुढे ‘द’ जोडून तीन तीनदा शिरलेली. कोणतं खातं ठेवायचं, कोणतं बंद करायचं हे मी ठरवायचं आणि तिने तपासायचं. एकदा मी एकाच नावाच्या दोन खात्यांपैकी एक बंद केलं, तर तिने शांतपणे दाखवलं की त्या दोन वेगळ्या गावच्या वेगळ्या कंपन्या आहेत; एक लिफ्ट दुरुस्त करते आणि दुसरी फुलं पाठवते.

तिचा एक नियम फार कडक होता. एखाद्या सप्लायरचं पत्र आलं, की आमची बँक बदलली, यापुढे पैसे नव्या खात्यात पाठवा, तर नुसत्या पत्रावर विश्वास ठेवायचा नाही. फोन करून खात्री करायची. आणि पत्रावर छापलेला नंबर फिरवायचा नाही. आपल्याकडे आधीपासून असलेला फिरवायचा. लबाड माणूस पत्रावर स्वतःचाच नंबर देणार, असं तिचं म्हणणं.

मी स्टेशनजवळ एका घराची वरची खोली घेऊन राहायची. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि घरी तो विषय आता कोणी काढतही नव्हतं. रविवारी फोनकार्ड खरवडून आईला फोन करायची. ती थंडीचं विचारायची, जेवणाचं विचारायची. मग आम्हा दोघींनाही पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही, कारण तिला माझं ऑफिस डोळ्यांसमोर येत नव्हतं आणि मला ते दाखवता येत नव्हतं. लंडनच्या पिनर भागात एक मराठी कुटुंब ओळखीचं झालं होतं. त्यांनी एकदा बोलावलं, पुरणपोळी वाढली, मनापासून आग्रह केला. पण सगळ्यांची बोलणी मुलांच्या शाळांची आणि घराच्या हप्त्यांची. मी हसून ऐकत राहिले. पुन्हा बोलावलं तेव्हा काहीतरी कारण सांगितलं. त्यामुळे आठवडाभर माझं मराठी एकाच ठिकाणी खर्ची पडायचं: कॉम्प्युटरशी. सॉफ्टवेअर फार हळू चालायचं. मी त्याला पुटपुटत समजवायची, रागवायची.

अशीच एका दुपारी बँक बदलल्याची खात्री करायला मी उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सला फोन लावला. ऑफिसांना साफसफाईचं सामान पुरवणारी एक छोटी कंपनी होती. फोन घेणारी बाई त्यांचे हिशेब सांभाळायची. बोलणं पक्कं यॉर्कशरचं. मी तिला म्हटलं, एक मिनिट, स्क्रीन उघडतेय. स्क्रीन काही उघडेना. फोन कानाशी आहे हे विसरून मी म्हणाले, “अरे उघड ना बाबा, किती जीव खाशील.”

मला वाटलं फोन कटला. मग पलीकडून त्याच आवाजात, पण फार हळू, अडखळत ती म्हणाली, “तुम्ही मराठी बोलतो?”

मी हो म्हटलं. माझा आवाज मलाच वेगळा लागला.

ती म्हणाली, तिचं मराठी फार वाईट आहे, सॉरी. आणि लगेच इंग्लिशमध्ये घाईघाईने विचारलं, एक शब्द विचारला तर चालेल का. तिचे वडील हॉस्पिटलमध्ये होते. ते साठच्या दशकात लीड्सला आलेले, गिरणीत आणि मग बसवर नोकरी केलेले. त्यांना स्ट्रोक झाला होता. इंग्लिश गेलं होतं, आता तोंडातून येईल ते फक्त मराठी, तेही तुटक. आई होती तेव्हा घरात दोघं मराठी बोलायची आणि ही इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची. आई गेल्याला बरीच वर्षं झाली होती. भावंडं नव्हती. वडील रोज काही मागतात आणि मला कळत नाही, असं ती म्हणाली.

“बाबा म्हणते, गोळा, गोळा. मी नर्सला सांगते की टॅब्लेट पाहिजे. नर्स म्हणते दिली. तो रडते.”

मी विचारलं, असं म्हणताना ते हात कुठे नेतात? ती म्हणाली, पायाकडे. एक हात चालतो, तो मांडीकडे नेतात.

मी तिला सांगितलं की ते गोळी मागत नाहीयेत. गोळा म्हणजे पायात गोळा येणं, पोटरीचा स्नायू आखडणं. त्यांचा पाय दुखतोय. पोटरी चोळून द्यायला सांग, तळवा हळूच वर दाबायला सांग.

मग ती इंग्लिशमध्ये म्हणाली, “पंधरा दिवस मी त्यांना गोळ्याच द्यायला लावत होते.” आणि नाक ओढून तिने बँकेचा नवा नंबर वाचायला घेतला. मी तो लिहून घेतला, परत वाचून दाखवला, बरोबर आहे म्हणाली. असा आमचा पहिला फोन.

दुसरा फोन तिने केला. निमित्त एका बिलाचं होतं, पण बिल तर वेळेत दिलेलं होतं. बिलाचं झाल्यावर तिने शब्द काढले. आदल्या रात्री तिने ते जसे ऐकू आले तसे लक्षात ठेवलेले. ‘कड’ म्हणजे काय? कुशीवर वळवून हवंय, एका अंगावर पडून कंटाळलेत. ‘मळमळ’? पोटात ढवळतंय, उलटी होईलसं वाटतंय. ‘रग’ हा शब्द तिने ब्लँकेट समजून अंगावर दुसरं पांघरूण घातलं होतं. मी सांगितलं की रग लागणं म्हणजे एकाच जागी बसून अंग अवघडणं. त्यावर ती हसली, आणि मीही. त्या खोलीत मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले असेन, कारण तिन्ही टेबलांवरच्या बायकांनी वर पाहिलं.

मग दर आठवड्याला फोन येऊ लागला. पेमेंट रनच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी सगळ्या सप्लायरचे पैसे एकदम सुटत त्या दिवशी, दुपारी ती फोन करायची. मी सकाळपासून वाट बघायची. कोणी तरी मला शब्दाचा अर्थ विचारत होतं, आणि तो मला येत होता. ऑफिसात मी जे काम शिकत होते त्याची सगळ्यांना धास्ती होती; हे त्याहून फार वेगळं होतं.

एकदा फोन ठेवल्यावर सुपरवायझर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, या सप्लायरच्या शंका फार असतात. मी खरं ते सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ऑफिसच्या फोनबद्दल ऐकवणार. ती म्हणाली, “कोपऱ्यातली मीटिंग रूम दुपारी रिकामी असते. तिथे घे. इथे सगळ्या ऐकत बसतात.” आणि चष्मा लावून परत कामाला बसली. पुढच्या वेळी लीड्सचा फोन तिनेच घेतला आणि मला न विचारता तिकडे जोडून दिला.

नाताळ उलटल्यावर लीड्सच्या बाईने मला बोलावलं. वडिलांशी कोणी नीट मराठी बोललेलं नाही, तू आलीस तर त्यांना बरं वाटेल, असं ती म्हणाली. मी एका शनिवारी गेले. आधी लंडन, मग किंग्ज क्रॉसहून उत्तरेची गाडी. दाण्याचे लाडू केले होते, कारण गुळाचा वास ओळखीचा वाटेल असं मनात आलं. खरं सांगायचं तर मी त्यांच्यासाठी जेवढी निघाले तेवढीच स्वतःसाठी. काकांशी पोटभर बोलायचं, गाव विचारायचं, असं सगळं गाडीत ठरवत होते.

ती मला हॉस्पिटलच्या दारात भेटली. माझ्यापेक्षा थोडी मोठी, चाळिशीची, गोरीपान, अंगात ऑफिसचाच कोट. आवाज इतका ओळखीचा आणि चेहरा अगदी अनोळखी, त्यामुळे दोघी जरा अवघडलो.

काका खिडकीजवळच्या खुर्चीत उशांच्या आधाराने बसले होते. दाढी केलेली, स्वेटर घातलेला. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, “काका, मी पुण्याची. कसं वाटतंय आता?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान जरा ताठ केली. चांगल्या हाताने स्वेटर सारखा केला. आणि जड जिभेने, पण स्पष्ट, ते इंग्लिशमध्ये म्हणाले, “व्हेरी काइंड ऑफ यू टु कम.”

त्यांची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. आजारी पडल्यापासून तिने त्यांच्या तोंडून इंग्लिश वाक्य ऐकलं नव्हतं. मी मराठीत आणखी दोनचार गोष्टी विचारल्या. ते ‘थँक यू’ म्हणाले. लाडू पुढे केला तर परत ‘थँक यू’, आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी पाहुणी होते. चाळीस वर्षं त्यांनी दारात आलेल्या परक्याशी ज्या भाषेत अदबीने बोलायचं ठरवलं होतं, तीच त्यांनी मला दिली. त्यांची चूक काहीच नव्हती, पण मला ते लागलं.

थोड्या वेळाने ते चुळबुळ करायला लागले. मुलगी लगेच उठली. त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “बाबा, रग लागला? कड बदलतो मी?”

“बदलते,” काका म्हणाले. “बदलते म्हण.”

“बदलते,” ती म्हणाली.

तिने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना सरकवलं, उशी फिरवली, मग गुडघे टेकून पोटरी चोळायला बसली. ते तिच्या डोक्याकडे बघत हळूहळू काहीतरी सांगत होते, आणि ती “हो बाबा, हो” म्हणत होती. त्यातलं काही मला ऐकू आलं, काही नाही. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. तिथे माझी गरज नव्हती. ते बघून मला आनंद झाला आणि त्याच क्षणी इतकं एकटं वाटलं, की मी कॉफी आणते म्हणून बाहेर आले आणि बराच वेळ कॉरिडॉरमध्ये उभी राहिले.

परतीच्या गाडीत बसवायला ती स्टेशनवर आली. तिने मला मिठी मारली. म्हणाली, तू आलीस म्हणून बाबा बोलला. मी ‘बोलले’ म्हणायला सांगितलं नाही.

वसंतात काका काठी घेऊन घरी गेले. तिचे फोन चालू होते, पण आता तिच्याकडे विचारायला शब्द उरले नव्हते. बाबा कशावरून रागावतात हेसुद्धा मला कळतं, असं ती कौतुकाने सांगायची. मग बोलणं लवकर संपायचं. हळूहळू एक आठवडा चुकला, मग दोन. कधी फोन आला तर खरोखरच बिलासाठी असायचा. मी ते बिल शोधून द्यायची आणि काकांना नमस्कार सांगायची.

तोवर पुण्याची टीमही तयार झाली होती. ब्रॅकनेलचा शेवटचा पेमेंट रन सुपरवायझरने आणि मी मिळून केला. आकडे जुळले, तिने बटण माझ्याकडून दाबून घेतलं. त्या दुपारी चौघींना निरोप द्यायला सगळं ऑफिस पबमध्ये जाणार होतं. मला कोणी ये म्हटलं नव्हतं, आणि त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं. मी टेबल आवरत बसले होते. सुपरवायझर कोट घालून निघाली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

“तू नीट शिकलीस,” ती म्हणाली. “दुसरी कोणी आली असती तर मला जास्त वाईट वाटलं असतं.”

मी मान हलवली. तिने माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि गेली. खाली त्यांच्या हसण्याचे आवाज पार्किंगमधून लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिले.

महिनाभराने मी पुण्याला परतले. नव्या ऑफिसात माझ्या आजूबाजूला सगळी मराठी मुलं. दिवसभर कलकलाट, चेष्टा, डबे उघडल्याचे वास. एवढ्या मराठीची मला सवय राहिली नव्हती. पहिले काही दिवस मी कोपऱ्यातल्या टेबलावर गप्प बसून असायची. एकदा एका मुलीने विचारलंच, “ताई, तुम्ही आमच्याशी बोलत का नाही? आम्ही काही चुकलो का?” मी म्हटलं, नाही गं, काही चुकला नाहीत. तिने खुर्ची ओढली, माझ्यासमोर आपला डबा उघडला आणि भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून सांगू लागली. मी तिच्या डब्यातला एक घास उचलला आणि म्हटलं, बस ना, खाऊन तर बघू दे मला.