एक रिंग म्हणजे पोचलो

डिस्पॅचकाकांना मी खुर्चीवर बसलेलं एकदाच पाहिलं. एरवी हा माणूस सतत उभा. उभाही नव्हे, चालता. अयोध्या नगरातल्या आमच्या घराची पुढची खोली मी ऑफिस केली होती. तिथं टेबलापासून दारापर्यंत सात पावलं होती आणि ती काकांनी दिवसातून किती वेळा टाकली असतील, देव जाणे. खुर्ची पुढं केली की ते तिच्या पाठीवर नुसता हात ठेवत. "गाड्या बाहेर आहेत नं, सूनबाई," म्हणत, आणि पुन्हा दाराशी जात. चहासुद्धा उभ्यानं, बशीत ओतून. मी एकदा काकूंना हळूच विचारलं, काही दुखणं आहे का म्हणून. त्या म्हणाल्या, "दुखणंच आहे ते. लग्नापासूनचं."

काका मूळ नागपूरचे. सगळी नोकरी इथल्या मोठ्या कारखान्यात, ट्रान्सपोर्ट सेक्शनच्या डिस्पॅच टेबलावर. कुठल्या पाळीची कुठली बस कुठून सुटली आणि परत लागली का, एवढंच आयुष्यभर पाहिलेलं. टाउनशिपमध्ये त्यांचं आडनाव कुणाला माहीत नव्हतं. पोरंटोरंही त्यांना डिस्पॅचकाकाच म्हणत. आम्ही तेव्हा त्यांच्याच ब्लॉकमध्ये खालच्या क्वार्टरमध्ये राहायचो, कारण माझा नवरा कारखान्यातच होता. पुढं आम्ही अयोध्या नगरात घर बांधलं, काकाही निवृत्त होऊन क्वार्टर सोडून दोन गल्ल्या पलीकडे आले. निवृत्तीनंतर तिसऱ्याच दिवशी माझ्या दारात हजर. "सूनबाई, काही काम दे. नाही तर तुझी काकू मला टाकून माहेरी जाईल."

माझ्याकडे तेव्हा सात व्हॅन होत्या. चार टाउनशिपच्या मुलींच्या शाळेच्या, तीन साकेत नगरच्या मोठ्या दवाखान्यात नर्सबायांना नेणाऱ्या. गाड्या मी जमवल्या होत्या खऱ्या, पण गाडी फाटकाबाहेर गेली की ती कुठं आहे याचा मला पत्ता नसे. काकांनी पहिल्या आठवड्यात पद्धत घालून दिली. शाळेत, दवाखान्यात पोचलं की ड्रायव्हरनं ऑफिसच्या मोबाइलवर एक मिस कॉल द्यायचा. तिथून परत निघालं की दोन. अडकलं की लागोपाठ तीन. फोन उचलायचा नाही, बोलायचं नाही, कुणाचा पैसा जायला नको. तो फोन काका छातीच्या खिशात ठेवत, आणि रिंग वाजली की न बघता सांगत, "चार नंबर. मुन्ने. पोचला." ड्रायव्हर किती वेळ वाजवतो, यावरून त्यांना माणूस ओळखू येई.

काकूही त्याच शिस्तीत होत्या. काका घरी निघताना त्यांच्या फोनवर दोन रिंगा देत. दोन रिंगा ऐकल्या की काकू कुकर चढवत. माझी सासू चेष्टा करायची, "या दोघांनी लग्नही बहुतेक मिस कॉलवरच ठरवलं असणार."

मग शाळेच्या मुख्याध्यापिकांचं पत्र आलं. नव्या सत्रापासून मुलींची गाडी कुठं आहे हे पालकांना मोबाइलवर दिसलं पाहिजे. नाही दिसली तर काम दुसऱ्याला. चार व्हॅन म्हणजे माझा अर्ध्याहून जास्त धंदा. तीन व्हॅनवर हप्ते, पगार काहीच भागलं नसतं. मला घाम फुटला. काकांच्या मात्र अंगात वारं शिरलं. "टेंडर काढू," ते म्हणाले. मी म्हटलं, काका, आपण सात गाड्यांचे मालक आहोत, कारखाना नाही. ते म्हणाले, "म्हणून काय पद्धत सोडायची?"

आणि त्यांनी खरंच टेंडर काढलं. तीन विक्रेत्यांना बंद पाकिटात दर मागवले. एकाचं होतं ड्रायव्हरच्याच मोबाइलमध्ये टाकायचं अ‍ॅप. दुसऱ्याचं, गाडीच्या वायरिंगला कायमचं जोडायचं यंत्र, स्वतःचं सिम असलेलं. तिसऱ्याची एक डबी होती, लोहचुंबकानं चिकटवायची, दर आठवड्याला काढून चार्ज करायची. बिचारी तिन्ही माणसं माझ्या ओट्यावर बाकड्यावर बसलेली, आणि काका सातही ड्रायव्हरांसमोर पाकिटं फोडताहेत, प्रत्येकाची सही घेताहेत. मुन्ने भाई मला कानात म्हणाला, "भाभी, इतनी दस्तख़त तो मैंने अपने निकाह में नहीं करी."

काकांनी फूटपट्टीनं रेघा मारून तुलनेचा तक्ता केला. वायरिंगवालं यंत्र त्यांना मनातून आवडलं होतं, हे मला दिसत होतं; त्या माणसाला त्यांनी तीनदा विचारलं, गाडी बंद पडली तरी चालेल का, सिग्नल गेला तर नकाशावरचा गाडीचा ठिपका किती वेळापूर्वीचा आहे ते कळेल का. तो हो म्हणाला. पण सगळ्यांत स्वस्त होतं मोबाइलचं अ‍ॅप. आणि तिथं कारखाना आडवा आला. "सगळ्यांत खालचा दर घ्यावा लागते, सूनबाई. नाही तर ऑडिट येते." मी म्हटलं, माझ्या घरात कोण येणार ऑडिटला? काका थांबले, पुन्हा दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "येते. कुठूनही येते."

मला काय, स्वस्त पडत होतं. मी वाद घातला नाही. उलट वर एक शहाणपण केलं. स्क्रीनवर सातही ठिपके दिसू लागले तसं मी फर्मान काढलं की आता मिस कॉल बंद. खरं सांगायचं तर त्या रिंगांचा आणि त्या येरझारांचा मला वीट आला होता. ऑफिसचा फोन मी काकांच्या खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवला, पालकांशी बोलायला. काकांनी फोन दिला आणि रिकामा खिसा दोनदा चाचपला. ते मला तेव्हाही दिसलं होतं. मी दुर्लक्ष केलं.

एप्रिलमधली दुपार. शाळा सुटून अर्धा तास झाला तरी चार नंबरचा ठिपका शाळेच्या फाटकापाशीच होता. मुलींच्या आयांचे फोन सुरू झाले. मी प्रत्येकीला सांगत होते, गाडी शाळेतच आहे, दिसतेय ना, उशिरा सोडलं असेल. ठिपका समोर असताना मुन्ने भाईला फोन करून विचारावं, हे मला सुचलंही नाही. काका माझ्यामागे उभे राहून स्क्रीन बघत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग वीस. "मुन्ने एका जागी इतका वेळ चहालेही थांबत नाही," ते म्हणाले. मी हातानंच त्यांना गप्प केलं. कानाला एका मुलीचे वडील होते, आणि ते ओरडत होते.

तो फोन ठेवला तसा काकांनी हात पुढं केला. "जरा दे तो." त्यांनी आलेले कॉल उघडले. पालकांच्या गर्दीत एक अनोळखी नंबर होता. एकापाठोपाठ एक, तीन मिस कॉल. पंचवीस मिनिटांपूर्वीचे. मी ते वाजताना पाहिले होते आणि कुणी तरी त्रास देतंय म्हणून सोडून दिले होते.

"हा आपला आहे," काका म्हणाले.

त्यांनी त्या नंबरावर फोन लावला. पलीकडे एक दूधवाला होता. म्हणाला, हाँ, बायपास पे एक वैन वाले ने दो मिनट को फ़ोन माँगा था, बच्चियाँ थीं साथ में, घंटी मार के लौटा दिया, बात तो करी नहीं. एवढं ऐकून काका स्कूटरकडे निघालेसुद्धा.

झालं होतं ते असं. शाळेतून निघता निघता मुन्ने भाईचा मोबाइल बंद पडला, म्हणून ठिपका फाटकापाशीच गोठला. आमच्या अ‍ॅपमध्ये जुना ठिपका आणि ताजा ठिपका सारखाच दिसे. पुढं बायपासवर व्हॅनचा क्लच गेला. अकरा मुली, डोक्यावर ऊन, शेजारून ट्रक. मुलींना सोडून तो कुठं जाऊ शकत नव्हता. एका दूधवाल्याला थांबवून त्यानं फोन मागितला. परक्याच्या फोनवर बोलून त्याचे पैसे खर्च करणं त्याला बरं वाटलं नाही, आणि गरजही वाटली नाही. काकांची शिस्त होती ना. तीन रिंगा दिल्या, फोन परत केला आणि काका येतील म्हणून मुलींना कडुनिंबाखाली रांगेत उभं करून स्वतः रस्त्याच्या बाजूला हात पसरून उभा राहिला. मी रिंगा बंद केल्या होत्या, पण अडचणीत त्याला माझं फर्मान आठवलं नाही, काकांचं आठवलं.

काकांनी वाटेतच दोन नंबरच्या गाडीला वळवून नेलं होतं. सगळ्या मुली घरी पोचल्या. दोघींना उन्हानं उलट्या झाल्या, एवढ्यावर निभावलं. काका परत आले, खोलीत शिरले आणि खुर्चीवर बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "तीन वाजल्या होत्या नं, सूनबाई." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. वर "स्पष्टीकरण" असं अधोरेखित. निकृष्ट साधन केवळ दर कमी म्हणून निवडल्याची संपूर्ण जबाबदारी खाली सही करणाराची आहे, वगैरे. कारखान्यात चूक झाली की साहेब कागद मागत, तेव्हा माणूस लिहून देई. इथं मागणारं कुणी नव्हतं, म्हणून काकांनी स्वतःच मागितला आणि स्वतःच दिला. मी त्याखाली लिहिलं, "फोन माझ्या हातात होता," आणि सही केली. काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि कागद फाइलला लावला.

त्याच फाइलमध्ये पुढचं पान आहे. स्वस्त दर डावलून वायरिंगचं यंत्र का घ्यावं, याची दीड पानी टिपणी. नोकरीत एकदाही नियम न मोडलेल्या माणसानं ती लिहायला तीन दिवस घेतले. ती घेऊन आम्ही दोघं मुख्याध्यापिकांकडे गेलो. बाई चिडलेल्याच होत्या. काकांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि शेवटी म्हणाले, "यंत्र तर लावूनच राहिलो, मॅडम. पण तीन रिंगाही चालू ठेवू. यंत्राले घाबरता येत नाही, माणसाले येते." काम आमच्याकडे राहिलं. ऑफिसचा फोन मी पुन्हा त्यांच्या खिशात घातला.

नव्या यंत्रानं गाड्या सुधारल्या, काका बिघडले. पूर्वी दोन रिंगांच्या मधे त्यांना थोडी तरी उसंत असे. आता ठिपका सिग्नलला थांबला तरी ते उभ्याउभ्या टाचा उचलत. रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, बसत जा. काका म्हणाले, "बसता आलं असतं तर अकाउंटमध्ये नसतो गेलो?" शेवटी त्यांचा मुलगाच नागपूरहून आला आणि दोघांना घेऊन गेला. त्या दिवशी फोन मला देताना त्यांनी तो रुमालानं पुसून दिला. त्यांची आगगाडी सुटल्यावर इटारसीहून एक रिंग आली. मग बैतूलहून. मग नागपूरहून.

पुढची तीन वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता त्यांची एक रिंग येई. म्हणजे विचारणा. सातही गाड्या लागल्या की मी एक रिंग उलट देई. कॉल फुकट झाले तरी आम्ही बोललो नाही. दसरा-दिवाळीला बोलत असू तेवढंच.

मागच्या हिवाळ्यात सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. काका पहाटे गेले. चालता चालताच, गच्चीवर. मी दिवसभर कामं केली, ड्रायव्हरांवर विनाकारण ओरडले. संध्याकाळी सात वाजले, आणि फोन वाजला नाही. मुन्ने भाईची गाडी शेवटची लागली. तो किल्ली अडकवून तिथंच उभा राहिला. माझ्याच्यानं राहवेना. मी काकांचा नंबर लावला, एक रिंग होऊ दिली आणि कापला.

मी त्या सात पावलांत येरझारा घालायला लागले होते. तिसऱ्या फेरीला फोन वाजला. काकांचाच नंबर. एकदा वाजला आणि बंद झाला.

काकूंनी दिला होता.