वरच्या अंगाचं तळं

आमचं नारळी-पोफळीचं आगर वाडीच्या खालच्या अंगाला आहे. वर कातळाच्या कडेला चुलतदिरांची जमीन. मधून एक पऱ्या, लहानसा ओढा, वाहतो. त्यांच्याकडे तो थंडी सरता सरता आटतो. आमच्या बांधाशी झरा आहे, म्हणून आमच्या पाटाला शिमग्यापर्यंत पाणी असतं. नवरा सकाळच्या एस.टी.ने रत्नागिरीला कामावर जायचा, तो दिवेलागणीला परतायचा. आगराचं शिंपणं माझ्याकडे होतं.

१९९८ चा पाऊस सरल्यावर दीर आमच्या पडवीत येऊन बसले. त्यांनी त्या वर्षी आंब्याची कलमं लावली होती आणि पऱ्याच्या कडेला तळं खणायचं त्यांच्या मनात होतं. जमीन त्यांची, पण पऱ्या दोन्ही घरांचा, म्हणून विचारायला आले होते.

"पावसात वाहून जातं तेवढंच पाणी घेणार," ते सासऱ्यांना म्हणाले. "तळं भरलं की जास्तीचं सांडव्यातून परत पऱ्यात. थंडीतल्या पाण्याला हात लावणार नाही."

सासरे म्हणाले, "आगर ही बघते. तिला विचार."

मी दारातच उभी होते. म्हटलं, "भावोजी, आज तुम्ही पावसाचं म्हणताय. उद्या कलमं सुकायला लागली की पऱ्या तळ्यात वळवणार नाही कशावरून?"

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "तुझ्या मनात नसेल तर राहू दे."

तळ्यासाठी खुंट्या ठोकून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या उपटल्या. माझं न ऐकता ते खणू शकले असते, त्यांना कोणी अडवलं नसतं. दिलेला शब्द मोडणारे ते नव्हेत, हे मला ठाऊक होतं. तरी मी तसं बोलले. पाणी कमी होईल ही भीती होतीच, पण सासऱ्यांनी मला विचारलं याचा तोराही थोडा चढला होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बायको, माझी जाऊ, कलमांसाठी वाडीच्या विहिरीवरून हंडे भरून कातळावर चढवायला लागली. तिची वाट आमच्या अंगणातून. कधी ओटीवर टेकायची, पाणी प्यायची, मुलांच्या अभ्यासाची चौकशी करायची. कुयरीची, कोवळ्या फणसाची भाजी केली की वाटीभर आणून द्यायची. तळ्याचं नावही काढायची नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पुढे पुढे तिची चाहूल लागली की मी मागच्या दारी जाऊन काहीतरी काम काढायचे.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती हंड्यासकट उतारावर घसरली. उजवं मनगट मोडलं. मी तिच्याकडे स्वयंपाकाला जायला लागले. ती चुलीजवळ बसून कुठे काय ठेवलंय ते डाव्या हाताने दाखवायची.

"तुझं आगर राहिलं असेल शिंपायचं," ती म्हणायची. "जा तू, भात मी उतरवीन."

त्या दिवसांत दिरांनी एकट्याने वर चढवलेलं पाणी पुरेना. बरीचशी कलमं वाळली. मी एकदा दिरांना गाठून म्हटलं, "भावोजी, तळं खणा. माझी काही हरकत नाही."

"आता कशासाठी खणू?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पावसाआधीच ते गणपतीपुळ्याला एका लॉजवर कामाला लागले आणि आठवड्याने घरी यायला लागले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू आपल्या घराचं बघितलंस. त्यात काय चुकलं?"

काही वर्षांनी प्लास्टिक अंथरलेली शेततळी आमच्या भागात दिसायला लागली. दिरांनी पुन्हा कलमं लावायचं ठरवलं. आणि ते पुन्हा आमच्या पडवीत येऊन बसले, परवानगी मागायला. सासरे तोवर गेले होते. मी दिरांना वाक्य पुरं करू दिलं नाही, आधीच "खणा" म्हणाले.

आषाढात तळं भरलं आणि सांडव्यातून पाणी पऱ्यात पडायला लागलं. माघ-फाल्गुनात मी रोज सकाळी पाटावर जाऊन बघायचे. पाणी होतं तेवढंच होतं. खरं सांगते, ते थोडं तरी घटावं असं मला वाटत होतं. तेवढ्याने माझी भीती खोटी नव्हती असं म्हणता आलं असतं.

जावेने एकदा तळं बघायला बोलावलं. आम्ही काठावर बसलो. ती म्हणाली, "तुला कमी पडलं तर सांग हो. वरून सोडू."

मी म्हटलं, "वहिनी, मी तेव्हा नाही म्हणायला नको होतं."

"जाऊ दे गो," ती म्हणाली. "तू तेव्हा नवीन होतीस. तुला काय ठाऊक असणार?"

मी नवीन नव्हते. माझी दोन्ही मुलं तेव्हा शाळेत जात होती, आणि तिच्या मुलांबरोबरच जात होती. तिला हे माझ्याइतकंच माहीत होतं. पण तिने वाट काढून दिली आणि मी "हो, नवीनच होते" म्हणून मान हलवली.