बोटं कोणाची?

आमचे हे टेलर. शिरपूरला देवळाच्या रस्त्यावर दुकान. सगळा जन्म सुईदोऱ्यात गेला, पण दवाखान्यातली सुई दिसली की यांचे पाय लटपटतात. लग्नाआधी हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी यांच्याशीच लग्न केलं असतं, फक्त हसायला आधीपासून मिळालं असतं.

मला दिवस गेले आणि ओकाऱ्यांनी जीव नकोसा झाला. शेजारी फोडणी पडली तरी मी अंगणात पळायची. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर गोळ्या द्यायच्याच, शिवाय त्या अॅक्युप्रेशर शिकलेल्या होत्या. यांना म्हणाल्या, "मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं सोडा. तिथं दोन शिरांच्या मधात अंगठ्यानं हळूहळू दाबत जा."

माप म्हटलं की यांना हुरूप येतो. घरी येऊन तीन बोटं मोजली, वरून टेप लावून खात्री केली आणि कापडावर करतात तशी माझ्या हातावर खडूची फुली मारली. रोज दुकान उघडण्याआधी फुली पुन्हा गिरवून तिथं दाबायचे. ओकाऱ्या काही थांबल्या नाहीत. मी मात्र "बरं वाटून राह्यलं" म्हणायची. इतकं मन लावून दाबणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार?

पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो तेव्हा सिस्टरना ती फुली दिसली.

"मास्टर, बोटं कोनाचे मोजले?"

"माहे."

"मळमळ हिले, अन् बोटं तुमचे? ज्याचा हात त्याचेच बोटं धरा लागते, बाप्पा!"

यांची बोटं चांगली जाडजूड, माझी काडीसारखी. फुली भलतीकडेच गेली होती. मी इतकी हसले की बाकावरच्या बायकाही हसायला लागल्या. हे कानापर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून माझीच बोटं माझ्या मनगटावर ठेवून माप घ्यायला लागले आणि मळमळ निम्म्यावर आली. ती दाबण्यानं आली की चौथा महिना लागला म्हणून, देव जाणे. मी श्रेय यांनाच दिलं.

घोट्याजवळची एक जागा दाबली तर कळा लवकर सुरू होतात, म्हणून नववा महिना भरेपर्यंत ती दाबायची नाही, असं सिस्टरनी बजावलं होतं. यांनी तर माझ्या पायाला हात लावणंच सोडलं. पैंजण साडीत अडकलं तरी एवढं पोट घेऊन मीच वाकायची.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. मेडशीहून आई न्यायला आली, पण मी जाईना. मला कळांची भीती वाटत होती, आणि यांचा अंगठा अंगावर असला की ती कमी व्हायची. कळा येतील तेव्हा मला हेच जवळ हवे होते. आईनं कपाळावर हात मारला आणि ती आमच्याकडेच राहिली. हे मात्र रोज एकच म्हणायचे, "मी दारापर्यंत येतो. आतमंदी नाही जमत मले."

एका सकाळी कळा सुरू झाल्या. आरोग्य केंद्रात हे माझ्या मागे बसले आणि कमरेवर दोन्ही अंगठे रोवले. कळ आली की दाबायचे, ओसरली की सोडायचे. दुखणं जात नव्हतं, पण सोसवत होतं. मग मला आत न्यायची वेळ आली. मी यांचा हात सोडेचना.

सिस्टर म्हणाल्या, "आज बाळंतपनाले हे एकलीच बाई हाये. या मास्टर आत. पन पडसान तं उचलाले कोनी नाही."

यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि आले. तोंड पूर्ण वेळ भिंतीकडे होतं, पण हात माझ्या कमरेवर. दुपारी आम्हाला मुलगी झाली. मला आनंदानं रडू आवरेना. हे पडले नाहीत.

पडले ते दुसऱ्या दिवशी. लेकीला पहिली लस टोचायला सिस्टर आल्या. सुई तिच्या दंडात गेली, ती कळवळून रडली, आणि माझ्या खाटेशेजारी धप्पकन आवाज झाला. हे खाली बसले होते, पांढरेफटक.

"मळमळून राह्यलं," एवढंच म्हणाले.

लेक आईकडे दिली. यांचा डावा हात मांडीवर ओढला, यांच्याच उजव्या हाताची तीन बोटं त्यावर ठेवली आणि जागा शोधली.

"बोटं कोनाचे?" सिस्टरनी हसत विचारलं.

"बोटं यांचे," मी म्हटलं, "अंगठा माहा."