आबांचे हक्क आणि माझी फजिती

वकिलीत पैसा जमायला वेळ लागतो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमतात. मी लोणावळ्याची. तालुक्याच्या कोर्टात, ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे खटले विधी सेवेतर्फे मोफत चालवते. माझे निम्मे किस्से एकाच फाईलमधले आहेत!

बेडशाकडचे नामदेव आबा, वय अडुसष्ट. खाचराच्या पाण्यावरून भांडण झालं आणि त्यांनी शेजारच्या दगडूभाऊंच्या खांद्यावर कोयता उलटा करून हाणला. कोयता आला म्हणून तडजोड कायद्यात बसेना. गुन्हा शाबित झाला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग. काळजीने माझा जीव टांगणीला, आबा आपले निवांत.

*

पहिल्याच भेटीत म्हटलं, "आबा, वकील मिळणं हा तुमचा हक्क आहे. मी एक पैसा घेणार नाही."

आबांनी मला नीट न्याहाळलं. "मंग दगडूचं पण तुमीच बगा की. त्याला येगळा वकील कशाला?"

*

खटला रेंगाळला. एका तारखेला फिर्यादी दगडूभाऊ गैरहजर. मी तावातावाने उठले. "साहेब, लवकर न्याय मिळणं हा आरोपीचा हक्क आहे. आता पुढची तारीख नको."

मागून कोणीतरी माझा कोट ओढला. आबा!

"वकीलबाई, दगडू तापानं फणफणलाय. द्या की तारीख."

मिळाली तारीख. आरोपीच्या विनंतीवरून!

*

मग दगडूभाऊंची उलटतपासणी. मी आबांना बजावलं होतं, "गप्प बसणं हासुद्धा तुमचा हक्क आहे. तेवढा वापरा."

मी विचारलं, "घाव कुठल्या खांद्यावर बसला?"

"डाव्या," दगडूभाऊ म्हणाले.

डॉक्टरांच्या दाखल्यावर उजवा होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला, "उजवा रं दगडू. नीट आठव."

सरकारी वकिलांनी खाली मान घालून हसू दाबलं. मी बसले. अशा माणसाला वाचवायचं तरी कसं?

*

गुन्हा शाबित झाला. शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. वय, पहिलाच गुन्हा, घरची जबाबदारी, हे सगळं बघतात. आबांकडून मी चार वेळा पाठ करून घेतलं होतं की बायकोचे गुडघे गेलेत, एवढं सांगायचं.

साहेबांनी विचारलं, "तुमच्यावर कोण अवलंबून आहे?"

आबांनी मागच्या बाकड्याकडे बोट केलं. "ह्यो दगडू. त्याचा खांदा धरतोय. दोन सालं त्याचं भात मीच लावतोय."

साहेबांनी दगडूभाऊंना उभं केलं. "खरं आहे का हे?"

"व्हय साहेब. आत टाकायचंच आसंल तर लावणी झाल्यावर टाका. आजून दोन खाचरं ऱ्हायलीत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग तुरुंग नाही. वर्षभर चांगलं वागण्याचा बाँड आणि एक जामीनदार, असा हुकूम झाला. मला आनंदाने रडूच आलं.

"जामीनदार कोण?" कारकुनाने विचारलं.

दगडूभाऊंनी पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला. "सकाळीच घेऊन आलोय."